आधी टँकर उडू द्या

मुंबईत टँकर म्हटलं की पाण्याचा. दुसरा कुठला मनात येतच नाही. २०२५च्या एप्रिलात टँकरवाल्यांनी संप पुकारला तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. सकाळच्या गुलाबांचे फोटोसुद्धा थांबले होते. एरवी त्याच टँकरला आम्ही काय काय बोलतो! गेटजवळच्या लाद्या फुटल्या, पहाटे हॉर्न वाजवला, रिव्हर्स घेताना भिंत घासली. त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याचं कौतुकही कोणी करत नाही.

मला ज्या टँकरबद्दल लिहायचंय तो उडतो. विमानवाहू नौकेच्या डेकवरून उठायचं, आकाशात घिरट्या घालत लढाऊ विमानांना नळीने इंधन पाजायचं आणि परत येऊन डेकवर उतरायचं, एवढंच त्याचं काम. आत वैमानिक नसतो. अमेरिकी नौदलासाठी बोइंग कंपनी तो बनवतेय. नाव एमक्यू-२५ स्टिंगरे. स्टिंगरे म्हणजे आपला पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा. ससून डॉकवर पाटीत दिसला तर घेणारे कमी आणि बघणारे जास्त. या विमानाचंही तसंच आहे. मानवरहित विमान म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती क्षेपणास्त्रं, बॉम्ब आणि लपूनछपून मारा करणाऱ्या यंत्रांची. इंधन वाहणाऱ्या ड्रोनबद्दल कोण कशाला बोलेल?

मी बोलणार आहे. भारतीय नौदलाने आपल्या विमानवाहू नौकेवर पहिलं मोठं मानवरहित विमान आणायचं ठरवलं तर ते बॉम्ब टाकणारं असू नये, टँकर असावा. आणि पुढची विमानवाहू नौका कशी असावी हे ठरवताना त्या टँकरची गरज आधी लक्षात घ्यावी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा चाललाय असं मला वाटतं.

आधी मुळात हा टँकर लागतो कशाला ते पाहू. जमिनीवरच्या विमानतळाला दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी असते आणि ती जागची हलत नाही. विमानवाहू नौकेची उतरायची पट्टी दोनशे मीटरच्या आसपास, तीही चालत्या, डुलत्या जहाजावर. विमान शेपटीखालचा आकडा सोडून येतं आणि डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक पकडतं. नवीन ‘विक्रांत’वर अशा तीन तारा आहेत. आकडा चुकला तर वैमानिकाने इंजिन पूर्ण जोरात ठेवून तसंच पुढे निघून जायचं आणि फेरी मारून पुन्हा यायचं. रात्र आहे, समुद्र खवळलाय, दोनदा आकडा चुकलाय आणि जवळचा विमानतळ पाचशे मैलांवर आहे, अशा वेळी टाकीतला काटा खाली सरकत असतो. म्हणून विमानं उतरत असताना एक टँकर वर फिरत ठेवतात. ज्याचं इंधन संपत आलं त्याने वर जायचं, टँकरच्या नळीला लोंबणाऱ्या टोपलीत आपली नळी खुपसायची, पोट भरायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हल्ल्याला निघालेल्या विमानांना लांबवर सोबत करणं हे टँकरचं दुसरं काम.

अमेरिकी नौकांवर एकेकाळी यासाठी वेगळी विमानं असत. शेवटचं एस-३ वायकिंग २००९मध्ये नौकांवरून निवृत्त झालं. तेव्हापासून हे काम सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाच्या गळ्यात पडलं. पंखांखाली जादा टाक्या आणि पोटाखाली नळीचं यंत्र लटकवायचं आणि भावंडांना दूध पाजत फिरायचं. साधारण २० ते ३० टक्के सुपर हॉर्नेट उड्डाणं अशी टँकरगिरीत खर्ची पडतात, असं अमेरिकी नौदलाकडूनच सांगितलं जात आलंय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा घोडा व्हिक्टोरियाला जुंपण्यातला हा प्रकार. शिवाय प्रत्येक विमानाच्या सांगाड्याचं आयुष्य ठरावीक तासांचं असतं. ते तास लढण्यात जात नाहीत, घिरट्यांमध्ये जातात.

तरीसुद्धा अमेरिकनांना टँकर ड्रोनची बुद्धी लगेच झाली नाही. २०१३मध्ये त्यांच्या एक्स-४७बी या बिनशेपटीच्या प्रायोगिक विमानाने नौकेवरून उड्डाण केलं आणि माणसाविना तार पकडून उतरूनही दाखवलं. २०१५मध्ये त्याने हवेत दुसऱ्याकडून इंधनही घेतलं. जगभर बातम्या झाल्या. मग पुढची काही वर्षं वाद, की या विमानाने हेरगिरी करायची की हल्ले करायचे. शेवटी २०१६मध्ये दोन्ही बाजूला ठेवून ठरलं, टँकर करा. ऑगस्ट २०१८मध्ये चार विमानांसाठी ८०.५ कोटी डॉलरचं कंत्राट बोइंगला मिळालं. सप्टेंबर २०१९मध्ये पहिलं प्रायोगिक विमान उडालं आणि ४ जून २०२१ रोजी त्याने एका सुपर हॉर्नेटला आकाशात इंधन दिलं. मानवरहित विमानाने दुसऱ्या विमानाला इंधन देण्याची ती पहिलीच वेळ. अपेक्षा अशी की नौकेपासून ५०० सागरी मैलांवर, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटरवर, या विमानाने सुमारे ६,८०० किलो इंधन देऊ शकावं. अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबई ते कराची हवाई अंतर याच्या जवळपास आहे. इंधन लिटरमध्ये मोजलं तर साडेआठ हजारांच्या आतबाहेर. आमच्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर याहून मोठा! अशी ७६ विमानं घ्यायची अमेरिकेची योजना आहे. वेळापत्रक मात्र वर्षानुवर्षं मागे सरकत गेलं, हेही सांगायला हवं. पाणी पाजणं वाटतं तितकं सोपं नसतं.

आता मुंबईत येतो.

माझे वडील नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, बॉयलरच्या कामावर. लायन गेटमधून आत जाताना हातातला डबा तपासायला उघडून दाखवायचा, त्यामुळे आज घरी काय भाजी केली हे गेटवरच्या शिपायाला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं, असं ते सांगत. त्यांच्या बोलण्यात जुनी ‘विक्रांत’ घरातल्या थोरल्या आत्यासारखी असायची. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत आली. तिच्यावर वाफेचा कॅटापल्ट होता. वडील त्याला गलोल म्हणत. डेकमधल्या खाचेतून सरकणारा आकडा वाफेच्या दाबाने विमानाला खेचतो आणि समुद्राच्या दिशेने भिरकावून देतो. सीहॉक आणि अलिझे ही विमानं अशी उडायची. १९७१च्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला चिरा गेलेल्या होत्या. वाफ कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी आणि वारा कमी म्हणजे जड विमान उडवणं जोखमीचं. तशाही अवस्थेत ४ डिसेंबरपासून तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. त्या बॉयलरची गोष्ट वडील इतक्यांदा सांगत की आई मधेच उठून कुकर लावायला जायची.

विक्रांतचं संग्रहालय झाल्यावर आम्ही त्यांना घेऊन ती बघायला गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लोक डेकच्या टोकाला असलेल्या चढावर उभे राहून फोटो काढत होते. ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानं आली आणि नंतरच्या मोठ्या डागडुजीत कॅटापल्ट काढून तिथे हा चढ, म्हणजे स्की-जंप, बसवला. वडील चढाकडे गेलेच नाहीत. चढाच्या अलीकडे एका जागी थांबून त्यांनी चपलेने डेकवर हळूच घासून दाखवलं. “इथे होता,” म्हणाले. २०१४मध्ये दारूखान्यात ती तोडली तेव्हा ते नव्हते. बरंच झालं.

हे आठवणीपुरतं सांगत नाही. या लेखाचा अर्धा मुद्दा त्या चपलेखाली आहे.

आपली दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’. ती पूर्वी ब्रिटनची ‘हर्मिस’ होती आणि तिच्यावरही मुळात कॅटापल्ट होते. ब्रिटिशांनी ते काढले आणि पुढे स्की-जंप बसवला. १९८२च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. त्या युद्धात टँकरची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमानं हर्क्युलस टँकरकडून हवेत इंधन घेऊन आली आणि ४ मे रोजी त्यांच्या क्षेपणास्त्राने ‘शेफील्ड’ ही विनाशिका निकामी केली. नंतर ती बुडाली. या धाकाने ब्रिटिशांना आपल्या विमानवाहू नौका बेटांपासून लांब पूर्वेला ठेवाव्या लागल्या आणि तिथून येणाऱ्या सी हॅरियरांना बेटांवर थांबायला फारच थोडी मिनिटं मिळू लागली. नौकेवर टँकरच नव्हता. जमिनीवरून मात्र ब्रिटिशांनी असेन्शन बेटावरून एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान फॉकलंडपर्यंत पोचवलं आणि त्या एका विमानासाठी ११ व्हिक्टर टँकर उडवले. टँकरनी टँकरना इंधन द्यायचं, त्यांनी पुढच्यांना, असं करत करत एक विमान पोचलं.

पुढे विराट आपल्याकडे आली, तीस वर्षं राबली. आपण मात्र तिच्या फॉकलंडमधल्या अडचणीतून काही शिकलो असं दिसत नाही.

आज आपल्याकडे दोन विमानवाहू नौका आहेत. रशियाकडून घेतलेली ‘विक्रमादित्य’ नोव्हेंबर २०१३मध्ये नौदलात आली आणि कोचीन शिपयार्डात बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी. दोन्ही साधारण ४५ हजार टनांच्या, दोन्हींवर कॅटापल्ट नाही, पुढच्या टोकाला चढ आहे. विमानाने आपल्याच इंजिनाच्या बळावर धावत येऊन त्या चढावरून उडी मारायची. स्वस्त, साधी, न बिघडणारी पद्धत. पण तिची एक अट आहे: विमानात वजनाच्या मानाने ताकद भरपूर हवी. आपल्या मिग-२९के या लढाऊ विमानाला ते जमतं, कारण त्याची दोन इंजिनं दांडगी आहेत. तरीही पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रं घेऊन उडणं त्यालाही अवघड. काहीतरी खाली ठेवावं लागतं. शस्त्रं जास्त घेतली तर इंधन कमी, म्हणजे पल्ला कमी.

म्हणजे टँकरची खरी गरज कुणाला? कॅटापल्ट नसलेल्या नौकेला. तिथून विमानाने अर्ध्या पोटी, पण शस्त्रं घेऊन उडायचं आणि वर गेल्यावर टँकरने पोट भरायचं. आणि नेमक्या त्याच नौकेवरून टँकर उडू शकत नाही! टँकर म्हणजे इंधनाने भरलेलं पोट आणि त्या मानाने बेताचं इंजिन. स्टिंगरेला छोट्या प्रवासी जेट विमानांत असतं त्या कुळातलं एकच इंजिन आहे. तासन् तास काटकसरीने घिरट्या घालायला ते उत्तम आहे, पण चढावरून उडी मारायला ते अजिबात पुरणार नाही. त्याला गलोलच हवी.

आत्ताची सोय म्हणजे एका मिगने दुसऱ्या मिगला पाजायचं. ती यंत्रणा आहे. पण आपण एकंदर घेतली ४५ मिग-२९के, आणि कॅगच्या २०१६च्या अहवालात उड्डाणायोग्य विमानांचं प्रमाण वेगवेगळ्या काळात जेमतेम १६ ते ३८ टक्के असल्याचं नोंदवलंय. नंतर त्यात सुधारणा झाली असं धरलं तरी डेकवर दहा-बारा विमानं तयार असताना त्यातली दोन-तीन टँकर करणं कोणत्या कप्तानाला परवडेल? एप्रिल २०२५मध्ये फ्रान्सशी २६ राफेल विमानांचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा. त्यातली चार दोन आसनांची विमानं प्रशिक्षणाची, ती नौकेवरून उडणारच नाहीत. उरली २२. राफेलही राफेलला इंधन देऊ शकतं, फ्रेंच नौदल ते करतंच. पण एवढ्या किमतीच्या विमानाला व्हिक्टोरिया ओढायला लावायची तर मग त्याला घेतलं कशाला?

आमच्या इमारतीत एक काका राहतात. नौदलात होते, विराटवर डेकवर पिवळं जर्किन घालून विमानांना हातांच्या खुणांनी हाकायचे. आता सकाळी पार्किंगमध्ये गाड्या मागे घेणाऱ्यांना त्याच खुणा करतात आणि कोणी ऐकत नाही म्हणून चिडतात. त्यांना मी हा विषय काढला तर पहिलाच प्रश्न आला, “अरे, त्या ड्रोनला माझा हात दिसणार कसा?” प्रश्न अगदी बरोबर होता. डेकवर इंजिनांच्या आवाजात बोलणं अशक्य असतं, सगळं काम खुणांवर. अमेरिकनांनी २०२१च्या डिसेंबरात ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ नौकेवर स्टिंगरेला डेकवर फिरवून पाहिलं तेव्हा एक माणूस हातात नियंत्रक घेऊन शेजारी उभा असायचा. पिवळ्या जर्किनवाल्याची खूण बघून तो यंत्राला आज्ञा द्यायचा. उड्डाणानंतर जहाजावरच्या एका खोलीत बसलेले लोक माऊस आणि कीबोर्डवर ते सांभाळतात. हे ऐकून काका म्हणाले, “म्हणजे माणूस विमानातून काढला आणि डेकवर उभा केला. संख्या तीच राहिली की रे!”

काकांचा टोमणा मला मान्य आहे. मानवरहित म्हणजे माणसांविना नव्हे, आणि ज्यांना यात खर्चाची मोठी बचत दिसते त्यांनी जरा थांबावं. फरक एवढाच की तो माणूस समुद्रात कोसळत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये गोव्याजवळ एक मिग-२९के समुद्रात पडलं, त्यातल्या वैमानिकाचा मृतदेह शोधायला दहा दिवसांहून अधिक लागले. सप्टेंबर २०२४मध्ये नौदलाने भाड्याने घेतलेलं एमक्यू-९ हे ड्रोन चेन्नईजवळच्या समुद्रात उतरवावं लागलं. नुकसान झालं, चौकशी झाली. पण कुणाच्या घरचा फोन वाजला नाही. रात्रीच्या वेळी खवळलेल्या समुद्रावर पाच-सहा तास एकाच जागी गोल फिरत राहण्याच्या कामासाठी माणूस पणाला लावायला मी तयार नाही.

आणि शस्त्रसज्ज ड्रोनपेक्षा टँकर आधी का? कारण यंत्राला आधी साधं काम शिकवावं. डेकवरून उडणं, डेकवर उतरणं, इतर विमानांच्या गर्दीत वावरणं, खाऱ्या हवेत महिनोन्महिने टिकणं, हे सगळं टँकरला येतं तेव्हा तेच उद्या टेहळणीच्या ड्रोनला लागू पडतं. चूक झाली तर इंधन वाया जाईल. माणूस मारायचा की नाही हा निर्णय यंत्राच्या हाती देण्यावर अजून जगात कुणाचंच समाधानकारक उत्तर नाही, आणि तो प्रश्न डेकवरच्या सरावासोबतच सोडवायची घाई आपल्याला कशासाठी? टँकर निष्पाप असतो असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याने बॉम्बवाल्याला आणखी पाचशे किलोमीटर नेलं त्याचे हातही त्या बॉम्बला लागलेले असतात. पण ट्रिगरवर बोट माणसाचंच राहतं.

यावर तीन-चार आक्षेप हमखास येतात. विमानवाहू नौकांचे दिवस गेले, दूरच्या क्षेपणास्त्रांपुढे त्या तरंगती लक्ष्यं आहेत, हा एक. असेल. पण क्षेपणास्त्रांच्या धाकाने नौका लांब ठेवावी लागते म्हणूनच तर अमेरिकेला टँकर हवासा झाला. नौका ठेवायच्याच नसतील तर तो वेगळा लेख. ठेवायच्या असतील तर त्या अर्ध्या पल्ल्याने ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो लोकलच्या डब्यात उभं राहून ऐकला की जास्त खरा वाटतो. त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण २०२३च्या डिसेंबरातली एक गोष्ट आठवते. ‘केम प्लूटो’ नावाच्या रसायनवाहू जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोन आदळला. जहाजावर बहुतेक कर्मचारी भारतीय होते. नाताळच्या दिवशी ते जहाज मुंबईत आणलं, नौदलाच्या स्फोटक पथकाने ते तपासलं. त्यानंतर नौदलाने अरबी समुद्रात विनाशिका पाठवल्या, टेहळणी वाढवली. आपलं तेल, आपली बॉम्बे हाय, न्हावा-शेव्यात उतरणारे कंटेनर, सगळं याच समुद्रावर. इतक्या मोठ्या पाण्यावर नजर ठेवायची तर विमान किती वेगाने जातं यापेक्षा किती वेळ वर राहतं याला महत्त्व येतं, आणि हवेतला वेळ वाढवायचा तर टँकर लागतो.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जमिनीवरून टँकर उडवा की. आपल्या हवाई दलाकडे सहा आयएल-७८ टँकर आहेत, २००३पासून, तळ आग्रा. अख्ख्या हवाई दलाला सहा! त्यांच्या उपलब्धतेवरही कॅगने टीका केलीय. २०२५मध्ये हवाई दलाने एका खासगी अमेरिकी कंपनीकडून केसी-१३५ टँकर भाड्याने घेतला, तेही प्रशिक्षणासाठी. भाड्याचा टँकर म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. युद्ध पेटलं तर उत्तर सीमेवरून एक टँकर सोडून अरबी समुद्रात नौदलासाठी पाठवा, असं सांगून पाहा कोणी.

तरी या आक्षेपात एक चांगली कल्पना दडलीय. सुरुवात जमिनीवरूनच करावी, पण टँकर मानवरहित असावा आणि नौदलाचा असावा. द्वीपकल्पासारखा भूगोल आपल्याला फुकट मिळालाय: गोवा, अंदमान, कॅम्पबेल बे. तिथल्या धावपट्ट्यांवरून उडून नौकेच्या जवळ सात-आठ तास घिरट्या घालणारं यंत्र बनवताना ना कॅटापल्ट लागतो ना तारा. इंधन देण्याची कला, टोपली स्थिर ठेवण्याचं गणित, दुसऱ्याच्या वैमानिकाला या यंत्रावर विश्वास वाटणं, हे सगळं जमिनीवरून शिकता येईल. ऑक्टोबर २०२४मध्ये ३१ एमक्यू-९बी विमानांचा करार झाला, त्यातली १५ नौदलाची. लांब पल्ल्याचं ड्रोन हाताळणारी माणसं आपल्याकडे तयार होतायत. त्यांच्यातल्या काहींना टँकरच्या प्रकल्पावर बसवा.

कोणी म्हणेल, तुर्कस्ताननं तर चढावरून ड्रोन उडवून दाखवलं. हो, नोव्हेंबर २०२४मध्ये बायरक्तार टीबी-३ ‘अनादोलू’ नौकेवरून उडालं आणि उतरलं. कौतुकच आहे. पण ते पंख्याचं, हळू, हलकं विमान. त्याचं सगळं मिळून वजन दीड टनाच्या आसपास. राफेलच्या आतल्या टाक्यांतच साडेचार टनांहून जास्त इंधन मावतं. टीबी-३ला टँकर म्हणता येणार नाही, फार तर कळशी म्हणता येईल.

म्हणून शेवटी गाडी पुन्हा गलोलीपाशी येते. तिसऱ्या नौकेसाठी एकेकाळी ६५ हजार टनांचं, कॅटापल्टवालं ‘विशाल’ नावाचं स्वप्न होतं. २०१५मध्ये भारत आणि अमेरिकेने विमानवाहू नौकांच्या तंत्रज्ञानासाठी संयुक्त गटही नेमला होता. मग पैसे नाहीत म्हणून स्वप्न बाजूला पडलं आणि नव्या विक्रांतसारखीच आणखी एक बांधावी अशी चर्चा सुरू झाली. त्याचं कारण मला कळतं. शिपयार्डातले कारागीर तयार आहेत, आराखडा तयार आहे, हात थंड पडू देऊ नयेत. वडील असते तर तेही हेच म्हणाले असते.

पण जसाच्या तसा आराखडा म्हणजे पुढची चाळीस वर्षं पुन्हा फक्त चढ. आणि इथे मधला रस्ता आहे, जो आपल्याकडे फारसा कोणी बोलत नाही. सोव्हिएत संघाने शेवटच्या काळात ‘उल्यानोव्स्क’ नावाची मोठी विमानवाहू नौका बांधायला घेतली होती. तिच्या नाकाशी स्की-जंप होता आणि तिरक्या डेकवर दोन कॅटापल्ट, दोन्ही एकाच नौकेवर. देश मोडला आणि ती अर्धवट असतानाच तोडली गेली, पण कल्पना मोडीत जायचं कारण नाही. लढाऊ विमानांना चढ ठेवा, ती तशीही उडतात. तिरक्या डेकवर एकच कॅटापल्ट बसवा, टँकरसाठी आणि पुढे टेहळणीच्या विमानासाठी. चीनने ‘फुजियान’वर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट बसवून ती नोव्हेंबर २०२५मध्ये नौदलात घेतली, आणि ‘सिचुआन’ या दुसऱ्या जहाजावर तर मुख्यतः ड्रोनसाठीच तसा कॅटापल्ट ठेवलाय.

यात अडचण आहे आणि ती खरी आहे. नवी विक्रांत गॅस टर्बाइनवर चालते. तिच्यात वडिलांच्या बॉयलरसारखा बॉयलर नाही, म्हणजे कॅटापल्टला वाफ नाही. कॅटापल्ट हवाच तर तो विजेचा, आणि विजेचा म्हणजे काही क्षणांत प्रचंड ऊर्जा सोडणारा, म्हणजे जहाजात जादा जनित्रं, जादा जागा, जादा वजन. अमेरिकेच्या ‘फोर्ड’ नौकेवरच्या विजेच्या कॅटापल्टने सुरुवातीची काही वर्षं चांगलाच घाम फोडला होता. हे सगळं उद्या जमणार नाही. पण जहाज बांधायला घेतल्यावर डेकखाली खाच मारता येत नाही, ती कागदावरच मारावी लागते.

विक्रांतचा कणा २००९मध्ये ठेवला गेला आणि ती नौदलात आली २०२२मध्ये. तिसऱ्या नौकेला आज हिरवा कंदील मिळाला तरी ती समुद्रात जाईल तेव्हा २०३५ उलटून गेलेलं असेल. तोपर्यंत गोव्याच्या किंवा अंदमानच्या धावपट्टीवरून आपला मानवरहित टँकर दहा वर्षं उडालेला असू शकतो. तेव्हा कॅटापल्ट तयार नसला तरी चालेल. डेकखालची जागा, विजेच्या तारांचे मार्ग आणि वजनाचा हिशेब तेवढा राखून ठेवलेला असावा. आराखडा अजून पेन्सिलीत आहे, तोवर एवढं करता येतं.